बाल्टर, कलुषा आणि आमचे आण्णा

गेले तीन शनिवार-रविवार माझा एकच उद्योग चालू आहे. करमाडच्या घरी, आठवीतल्या पुतण्याला शेजारी बसवून 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' पुन्हा पहिल्यापासून बघणे. कॉलेजात असताना मित्राच्या हार्ड डिस्कवरून कॉपी करून आणलेली ही मालिका मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा रात्र-रात्र जागून पाहिली होती. सबमिशनं बुडाली ती वेगळीच. आता पुतण्याला दाखवताना माझ्यापेक्षा त्याच्याच तोंडाकडे जास्त बघतो. कुठे हसतो, कुठे दचकतो, कुठे मोबाईल हातात घेतो.

परवा दुसरा सीझन संपता संपता तो एकदम वैतागून म्हणाला, "काका, हा बाल्टर फितूर हाये का नाही, ते एकदाचं सांगा ना!"

मी सांगणारच होतो, पण सांगता येईना. म्हटलं, बघ पुढे. आणि मग रात्रभर तोच प्रश्न डोक्यात. म्हणून हा लेख. (ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं फोडलेलं आहे. नंतर बोंब मारू नये.)

आधी थोडी पार्श्वभूमी. माणसांच्या बारा वसाहती आहेत, बारा ग्रहांवर. माणसांनी बनवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव कधीकाळी उलटले, मोठं युद्ध झालं, मग तह झाला. चाळीस वर्षं शांतता. आणि एक दिवस सायलॉन परत येतात आणि काही तासांत बाराही वसाहती अणुबॉम्बनं बेचिराख करतात. उरतात जेमतेम पन्नास हजार माणसं, काही जहाजं, आणि त्यांचं रक्षण करायला 'गॅलॅक्टिका' ही एक जुनीपुराणी युद्धनौका, जिचं दुसऱ्या दिवशीपासून संग्रहालय व्हायचं होतं. ही सगळी मंडळी मग पृथ्वी नावाच्या दंतकथेतल्या ग्रहाच्या शोधात निघतात.

ही गोष्ट मुळात १९७८ ची. ग्लेन लार्सन यांनी ती अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीसाठी केली होती आणि ती एकच सीझन चालली. त्या मालिकेतही बाल्टर आहे. जॉन कॉलिकॉस या नटाने केलेला हा बाल्टर म्हणजे शुद्ध, अस्सल, तुपातला खलनायक. सत्तेच्या लोभाने स्वतःची अख्खी जात शत्रूला विकतो आणि पुढे उंच आसनावर बसून, अंधारात चेहऱ्यावर उजेड घेऊन, हुकूम सोडत राहतो. चित्रपटाच्या आवृत्तीत त्याचं मुंडकं उडवलं जातं, मालिकेत मात्र त्याला जिवंत ठेवलं. साहजिकच आहे. दर आठवड्याला शिव्या घालायला कुणीतरी हवाच की.

आता यात हसण्यासारखं काही नाही, कारण आपल्याकडेही वेगळं काही नव्हतं. १९९८ मध्ये दूरदर्शनवर केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' लागायचा. मिलिंद सोमण अंतराळात, आणि तुरुंगातून पळालेले बारा अट्टल गुन्हेगार पकडायचे. आम्ही पोरं जीव टाकायचो त्या मालिकेवर. पण त्यातला प्रत्येक खलनायक दिसताक्षणी ओळखू यायचा. कपडे, आवाज, हसणं, सगळं ठरलेलं. आणि ऐतिहासिक मालिकांबद्दल तर बोलायलाच नको. दरबारात दहा सरदार उभे असतात, त्यातल्या एकाच्या भुवईवर कॅमेरा जातो, मागे तंतुवाद्याचा एक खर्जातला सूर लागतो आणि स्वयंपाकघरातून आई न बघताच म्हणते, "हाच तो मेला फितूर." फितुरी ही जणू जन्मखूण. माणूस फितूर होत नाही, फितूरच जन्माला येतो.

रोनाल्ड मूर यांनी २००३ मध्ये ही मालिका नव्याने लिहायला घेतली तेव्हा बाल्टरचं आसन पहिल्यांदा काढून टाकलं. त्यांचा गायस बाल्टर (जेम्स कॅलिस नावाच्या नटाने काय केलाय तो!) हा शास्त्रज्ञ आहे. हुशार, प्रसिद्ध, टीव्हीवर मुलाखती देणारा आणि बायकांच्या बाबतीत ढिला. त्याची एक मैत्रीण असते. ती त्याला एका मोठ्या कामात मदत करते. काम कुठलं, तर सगळ्या युद्धनौकांवर चालणारा नॅव्हिगेशनचा प्रोग्रॅम. तो तिला संरक्षण खात्याच्या संगणकाचा ॲक्सेस देतो. का? एक तर प्रेमात आहे, दुसरं म्हणजे ती खरंच हुशार आहे आणि काम पटापट होतंय. त्याला वाटत असतं, ही कुठल्यातरी कंपनीची माणूस असेल, पुढच्या कंत्राटाच्या बोलीत तिला जरा फायदा होईल, बस्स. ती सायलॉन आहे आणि त्या प्रोग्रॅममध्ये तिने चोरवाटा ठेवल्यात, हे त्याला हल्ल्याच्या दिवशी कळतं. आणि कळल्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया काय? वकिलाला फोन लावायला हवा!

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हा प्रसंग मला पहिल्यांदा पाहिला तेव्हाही घाम फोडून गेला होता आणि परवाही. एका अख्ख्या संस्कृतीचा नाश कशाने झाला? एका माणसाने दुसऱ्याला आपलं लॉगिन वापरू दिलं म्हणून. कोड कुणी तपासला नाही म्हणून. "अहो, आपलीच आहे ती" म्हणून. ज्यांनी कधी शुक्रवारी संध्याकाळी रिलीज अडकलंय म्हणून शेजारच्याला पासवर्ड सांगितलेला नाही, त्यांनी बाल्टरला पहिला दगड मारावा. मी मारू शकत नाही. गॅलॅक्टिका वाचते ती सुद्धा याच कारणाने. तिचा कमांडर अडामा जुन्या वळणाचा, हट्टी माणूस. माझ्या जहाजावर संगणक एकमेकांना जोडायचे नाहीत म्हणजे नाहीत, असं तो ठणकावून सांगतो. त्यामुळे तो प्रोग्रॅम तिथे चालतच नसतो. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे बघून जो आनंद होतो, तो इतरांना कळायचा नाही :-)

तर ही झाली पहिली फितुरी. हेतू नाही, लाचलुचपतही नाही, फक्त ढिलाई आणि थोडा स्वार्थ. पण गुन्हा सर्वात मोठा तोच. आता बघा, लेखक याच्यावर पुढे मजले कसे चढवतात.

हल्ला झाल्यावर कॅप्रिका नावाच्या ग्रहावर एक छोटं विमान उतरलेलं असतं. त्यात थोड्याच जागा, बाहेर जीव मुठीत धरून उभी माणसं. चिठ्ठ्या टाकल्या जातात. एक म्हातारी बाल्टरला म्हणते, बाबा, चष्मा नाही माझ्याकडे, माझा नंबर वाचून सांग. तिचा नंबर लागलेला असतो. बाल्टर त्या कागदाकडे बघतो. एक क्षण जातो. दुसरा क्षण जातो. तो खोटं बोलेल का खरं, हे ठरायच्या आतच हीलो नावाचा सैनिक त्याला ओळखतो आणि एवढा मोठा शास्त्रज्ञ वाचला पाहिजे म्हणून स्वतःची जागा त्याला देऊन टाकतो.

हा प्रसंग मला साऱ्या मालिकेत सर्वात जास्त आवडतो. लेखकांनी बाल्टरला गुन्हा करूच दिला नाही. पण आपल्याला त्याचं मन दाखवलं. आणि पुतण्याने तेव्हा मला विचारलं, "काका, तुम्ही काय केलं असतं?" मी म्हटलं, चहा घे.

इथून पुढे बाल्टरचं प्रत्येक पाऊल आधीचं पाऊल झाकण्यासाठी पडतं. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून तो एका अनोळखी माणसावर 'हा सायलॉन आहे' असा आळ घेतो, पुराव्याशिवाय, मनात येईल ते बोलून. आणि नशीब असं की तो माणूस खरंच सायलॉन निघतो! म्हणजे खोटं बोलण्याचं बक्षीस मिळतं. मग सायलॉन ओळखण्याचं यंत्र बनवायचं काम त्याच्याकडेच येतं. मग उपराष्ट्राध्यक्षपद. मग निवडणूक. वाटेत एक राहण्याजोगा ग्रह सापडतो आणि बाल्टर म्हणतो, पुरे झाली वणवण, इथेच वस्ती करू. राष्ट्राध्यक्ष रॉझलिनबाईंना हे धोक्याचं वाटतं. त्यांचं म्हणणं बरोबर असतं, पण थकलेल्या लोकांना ते ऐकायचं नसतं. रॉझलिनच्या माणसांनी मतमोजणीत केलेला घोळ उघडकीस येतो आणि बाल्टर निवडून येतो. म्हणजे बघा, 'चांगल्या' बाजूने लबाडी केली आणि लोकशाहीने आपल्या नाशाला कौल दिला. कुणाला शिव्या द्यायच्या?

वर्षभराने सायलॉन त्या ग्रहावर येऊन थडकतात. लढायला काही नाही. बाल्टर शरण जातो. त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तरी त्या दिवशी दुसरं काय केलं असतं? पण मग ताबा घेतलेल्या सायलॉनांचा नामधारी राष्ट्राध्यक्ष म्हणून तो खुर्चीवर राहतो. आणि तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, २००६ च्या ऑक्टोबरमध्ये लागलेल्या भागांत, तो प्रसंग येतो. दोनशेच्या आसपास लोकांना ठार मारायचा हुकूम टेबलावर आहे आणि त्यावर बाल्टरची सही हवी आहे. तो नाही म्हणतो. खरंच नाही म्हणतो. त्याची बाजू घेणाऱ्या त्याच्या मैत्रिणीला त्याच्यासमोर गोळी घालतात. मग पिस्तूल त्याच्या डोक्याला लागतं. आणि तो सही करतो.

आता सांगा, फितूर हाये का नाही?

माझं मत असं, की फितूर रंगवायचा असेल तर एकच नियम पाळावा लागतो. प्रत्येक पावलावर प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की 'एवढं तर मीही केलं असतं', आणि शेवटी मागे वळून बघितलं की वाटलं पाहिजे, 'अरे बापरे, आपण कुठे येऊन पोचलो!' एकेक पाऊल क्षम्य, आणि बेरीज अक्षम्य. बाल्टरच्या बाबतीत लेखकांनी हा नियम जवळजवळ चार सीझन पाळला. जुन्या बाल्टरकडे बघून आपण सुरक्षित असतो, कारण आपण तसे नसतो. नव्या बाल्टरकडे बघताना तसं सुरक्षित वाटत नाही.

आणि हा नियम उलट बाजूनेही चालतो, हे गेटाकडे बघून कळतं. फेलिक्स गेटा हा गॅलॅक्टिकावरचा अतिशय सरळमार्गी अधिकारी. निवडणुकीतला घोळ त्याच्याच लक्षात येतो आणि तो प्रामाणिकपणे वर कळवतो. म्हणजे बाल्टर खुर्चीवर बसतो तो गेटाच्या प्रामाणिकपणामुळे! पुढे त्या ग्रहावर तो बाल्टरच्या कचेरीत काम करतो आणि तिथूनच बंडखोरांना गुपचूप माहिती पोचवतो. सुटका झाल्यावर त्याचेच लोक त्याला फितूर ठरवून जहाजाबाहेर पोकळीत फेकायला निघतात. थोडक्यात वाचतो. पुढे पाय जातो, माणसांवरचा विश्वास जातो, आणि २००९ च्या भागांत हाच गेटा उठाव करतो आणि गोळ्या खाऊन मरतो. बाल्टर सरळ रेषेत कधी चाललाच नाही, तो शेवटी सुटतो. गेटा आयुष्यभर सरळ चालला, तो फितूर म्हणून मरतो.

पण मला ज्यावर लिहायचं होतं तो भाग वेगळाच आहे. तिसऱ्या सीझनच्या शेवटी, मार्च २००७ मध्ये, बाल्टरवर खटला चालतो. लोकांना तो फासावर हवाय. आणि अडामाचा मुलगा ली, जो बाल्टरच्या वकिलांच्या बाजूने आहे, तो साक्षीत जे बोलतो त्याचा मथितार्थ असा: आपण सगळ्यांना माफ केलंय. ज्यांनी बंड केलं त्यांना, ज्यांनी आत्मघाती बॉम्बस्फोट घडवून आणले त्यांना, जे त्या ग्रहावर लोकांना सोडून पळाले त्यांना. मी स्वतः त्यांतलाच. मग या एकालाच का नाही? कारण आपल्या सगळ्यांची लाज आपल्याला याच्या अंगावर घालून बाहेर फेकायची आहे. पाच न्यायाधीशांपैकी तिघे त्याला सोडतात. त्यांतलं एक मत खुद्द अडामाचं.

हे बघताना मला कलुषा आठवला.

आमच्या शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. त्या संभाजीराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी मुकर्रबखानाने पकडलं आणि मार्चमध्ये औरंगजेबाने हाल हाल करून मारलं. एवढा मोठा राजा पकडला गेला तो कसा? कुणीतरी दगा दिला असणारच. आणि मराठी मनाने त्या दग्याला जो पहिला चेहरा दिला तो कवी कलशाचा. बखरींतून, मग नाटकांतून तो 'कलुषा' झाला. नावातच काळिमा. परप्रांतातला, कनोजी ब्राह्मण, मंत्रतंत्र करणारा, राजाला व्यसनी लावणारा, घात करणारा. यातल्या प्रसिद्ध बखरींपैकी एक मल्हार रामराव चिटणीसांची. ती लिहिली गेली संभाजीराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास, आणि चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनीच १६८१ मध्ये देहदंड दिला होता. एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

कलुषाच्या गोष्टीत एक छोटीशी अडचण होती. तो राजाबरोबरच पकडला गेला होता. राजाबरोबरच त्याची धिंड निघाली, राजाबरोबरच त्याचे हाल झाले आणि राजाबरोबरच तो मारला गेला. फितुराला शत्रूने दिलेलं बक्षीस हेच? पण वर्षानुवर्षं हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण कुणाला पडायलाच नको होता. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० मध्ये संभाजीराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, पुढे कमल गोखल्यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहिलं, आणि राजाबरोबर कवी कलशाचंही नाव हळूहळू धुतलं गेलं. झी मराठीवरच्या 'स्वराज्यरक्षक संभाजी'मध्ये (२०१७ ते २०२०) तो राजाचा जिवलग मित्र आहे आणि २०२५ च्या 'छावा' चित्रपटात तर लोक त्याच्यासाठी रडले.

चांगलं झालं. पण आता गंमत बघा. जागा रिकामी झाली, ती रिकामी राहिली नाही. त्या जागेवर गणोजी शिर्के आले. येसूबाईंचे सख्खे भाऊ, शिवाजी महाराजांचे जावई. वतनावरून बिनसलेले, मोगलांना मिळालेले. 'छावा' आल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. गणोजींनी नेमकं काय केलं आणि काय नाही, हे अभ्यासकांनी ठरवावं, तो माझा प्रांत नाही. मला एवढंच दिसतं की याच गणोजींनी पुढे, जिंजीच्या वेढ्यात, मोगलांच्या छावणीत असताना राजाराम महाराजांना निसटून जायला मदत केली. वतनाच्या बदल्यात केली, पण केली. ती झाली नसती तर? हा माणूस सिनेमात कसा दाखवणार? भुवईवर कॅमेरा नेऊन? याच्यावर खरं तर चार सीझनची मालिका व्हायला हवी. बहिणीचं घर एकीकडे, सासऱ्यांनी उभं केलेलं राज्य एकीकडे, आणि बापजाद्यांचं वतन एकीकडे. बाल्टर काय, याच्यापुढे पोरकट वाटेल.

पण ती मालिका होणार नाही. कारण आपल्याला माणूस नको असतो, खुंटी हवी असते. अख्ख्या राज्याच्या चुका टांगायला एक खुंटी. कलुषा नाही तर शिर्के, शिर्के नाही तर पिसाळ. कुणाचं तरी आडनाव शिवी झालं की बाकीचे सगळे निष्ठावंत ठरतात, फुकटात.

गॅलॅक्टिकाचंही सगळंच मला पटलेलं नाही, हेही लिहून टाकतो. बाल्टरच्या डोळ्यांपुढे सतत त्याच्या मैत्रिणीची एक प्रतिमा येते, ती फक्त त्यालाच दिसते, त्याला सल्ले देते. मला वाटायचं, ही त्याची टोचणी आहे, किंवा वेड आहे. शेवटच्या भागात (२० मार्च २००९) लेखक सांगतात की ती देवदूत होती आणि सगळं कुणाच्या तरी योजनेप्रमाणे चाललं होतं. हे मला फसवणूक वाटली. देवाचीच योजना असेल तर बाल्टरने सही केली काय नि न केली काय! चौथ्या सीझनमध्ये तो बुवा होऊन भोवती भक्तिणी जमवतो, तेही ताणलेलं वाटतं. (बुवा कसा घडतो हे लिहायला लेखकांनी आपल्याकडे चार दिवस येऊन राहायला हवं होतं.)

पण त्याच शेवटच्या भागात दोन गोष्टी आहेत ज्यांच्यासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ करतो. एक म्हणजे बाल्टरचा बाप. मधल्या एका भागात आपल्याला कळलेलं असतं की बाल्टर हा एरिलॉन नावाच्या शेतकऱ्यांच्या, गरीब वसाहतीतला. लहानपणीच त्याने आपली बोली घासून-पुसून टाकली, राजधानीची भाषा घोटली, आणि पुढे गाव मागे टाकलं. शेवटच्या भागात दिसतं, की त्याचा म्हातारा, चिडका, शेतकरी बाप त्याच्या महागड्या घरात राहतोय आणि बाल्टरला त्याची लाज वाटते. ती मैत्रीण त्या म्हाताऱ्यासाठी एक जागा शोधून देते, जिथे त्याला बागेत काम करता येईल. आणि त्या उपकाराने बाल्टर तिच्यात जास्तच गुंतत जातो. म्हणजे ज्या फितुरीने बारा जगं बुडाली, तिचं एक मूळ बापाच्या मातीत होतं. दुसरी गोष्ट म्हणजे सगळं संपल्यावर, नव्या ग्रहावर, बाल्टर तिला म्हणतो की शेतीतलं मला थोडंफार कळतं. आणि ढसाढसा रडतो.

मी करमाडचा आहे. पुण्यात पहिल्या नोकरीत "हाये" चं "आहे" करायला मला सहा महिने लागले होते. हा प्रसंग मी पुतण्यासमोर बघणार नाही, हे ठरलेलं आहे.

आता आण्णा. आण्णा म्हणजे माझे चुलते. आमच्या भागात उद्योगांसाठी जमिनी जायला लागल्या तेव्हा गावाने एकजूट केली होती, की भाव वाढवून मिळाल्याशिवाय कुणीही संमतीच्या कागदावर सही करायची नाही. माझे वडील त्या मंडळींत पुढे होते. सगळ्यात आधी सही केली ती आण्णांनी. दुसऱ्या दिवशी पारावर त्यांचं नाव 'पिसाळ' पडलं. आडनाव आमचंच असताना लोक त्यांना मागून पिसाळ म्हणायचे. लग्नाच्या पत्रिका येईनाशा झाल्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, म्हणतात ना, तसं झालं. माझे वडील त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

पुढच्या दोन वर्षांत गावातल्या बहुतेकांनी सह्या केल्या. कुणी चारचाकी घेतली, कुणी शहरात फ्लॅट. ज्यांच्या दारात गाड्या आल्या तेच आण्णांना पिसाळ म्हणत राहिले. पहिली सही आण्णांची ना! बाकीच्यांनी तर 'नाइलाजाने' केल्या.

आण्णांनी सही का केली? कारण मी सांगितलं म्हणून. ते कागद घेऊन पुण्याला माझ्या खोलीवर आले होते. मी सगळा वाचला, हिशेब मांडला आणि म्हटलं, आण्णा, भाव ठीक आहे, पोरीचं लग्न तोंडावर आहे, थांबून काही फार वाढणार नाही, करा सही. शिकलेला पुतण्या म्हणाला म्हणून त्यांनी केली. आणि गावाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही की सल्ला माझा होता. वडिलांना तर नाहीच. आण्णांनीही कधी माझं नाव घेतलं नाही. एकदाच, दिवाळीत, मी पाया पडलो तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर होता रे." बस्स, एवढंच. ते जाऊन आता दोन वर्षं झाली.

माझं एकेक पाऊल क्षम्यच होतं. सल्ला प्रामाणिक होता. वडिलांना दुखवायचं नव्हतं. नोकरी नवी होती. मग वेळ निघून गेली. पण बेरीज मी केलेली नव्हती, ती परवा रात्री केली.

पुतण्याला अजून उत्तर दिलेलं नाही. येत्या शनिवारी खटल्याचे भाग येतील. ते संपले की टीव्ही बंद करून आधी त्याला आणि मग वडिलांना ही गोष्ट सांगायची असं ठरवलंय. वडील आता थकलेत, कदाचित म्हणतील, आता कशाला उकरून काढतोस. म्हणू देत. निदान गावातलं एक तरी घर आण्णांना त्या नावाने हाक मारणार नाही.

असो. बराच लांबला लेख. बाकी पुन्हा कधीतरी.